मधले भाग कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साडेआठच्या मालिकेवर आलेलं परीक्षण वाचलं. मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला, आणि आमच्या वाड्यावर नुसतं 'साडेआठची' म्हटलं तरी पुरतं. कोल्हापुरात खानावळ चालवणारी विधवा, तिचा म्हातारा सासरा, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि घरावर डोळा ठेवून बसलेला दीर, अशी ती गोष्ट. आपल्या परीक्षकांनी तिला 'तीच ती रडारड' म्हणून दीड तारा दिला आहे. याच मालिकेला, याच पुरवणीत, ती सुरू झाली तेव्हा साडेतीन तारे मिळाले होते. 'ताजी, संयत, मातीचा वास असलेली' असं तेव्हा छापलं होतं. कात्रण माझ्याकडे आहे. दोन्हींखाली नाव एकच आहे.

मला दोन्ही परीक्षणं पटली नाहीत. साडेतीनच्या वेळी मालिका तेवढी चांगली नव्हती आणि दीडच्या वेळी तेवढी वाईट नाही. मधल्या काळात तिच्यात जे काही घडलं ते परीक्षकांनी पाहिलेलं नाही, हे वाचताना ओळीओळीला कळतं. सासऱ्याला त्यांनी 'कोपऱ्यात खोकणारा सासरा' म्हटलं आहे. तो सासरा पहिल्या महिन्यानंतर खोकलेला नाही.

माझी ओळख सांगतो, म्हणजे हा कोण शिकवणारा असं वाटायला नको. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझा पसरा, म्हणजे किराणा दुकान, आहे. गल्ल्याच्या वर टीव्ही आणि समोर लाकडी बाक. संध्याकाळी सातपासून दुकान बंद करीपर्यंत टीव्ही चालू असतो. गिऱ्हाईक साखर बांधून होईपर्यंत बघतं, जाताना मत देऊन जातं. 'आयज रडली, फाल्यां परत रडटली', म्हणजे आज रडली, उद्या परत रडेल, हे ठरलेलं मत. ते देणारी बाई दुसऱ्या दिवशी बरोबर साडेआठला काडेपेटी न्यायला येते. दुसरी ओळख अशी की गावच्या उत्सवातल्या नाटकांना मी प्रॉम्प्टर असतो. तोंडाला रंग कधी लावला नाही, सगळी हौस विंगेतच भागवली. त्यामुळे नट वाक्य विसरून थांबलाय की विचार करायला थांबलाय, हे मला त्याच्या डोळ्यांवरून समजतं. मालिकांच्या चित्रीकरणातही कॅमेऱ्याच्या मागून वाक्यं पुरवतात. ज्याला पुरवतात त्याची नजर समोरच्या माणसाच्या कानाच्या जरा बाजूला जाते. एकदा दिसलं की मग सारखं दिसत राहतं आणि बघण्यातली मजा जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पहिल्या आठवड्याचं. साडेतीन तारे कशाला मिळाले? रंकाळ्यावरून फिरवलेल्या ड्रोनला, नव्या कोऱ्या पितळेच्या भांड्यांना आणि नायिकेच्या सुती साड्यांना. पहिल्या आठवड्यात वाहिनीचा हात सैल असतो. पुढे तीच माणसं एका दिवाणखान्यात आणि एका स्वयंपाकघरात कोंडली जातात. बरं, ती खानावळ. तिथे कुणाच्या पदराला तेलाचा डाग नाही. सिलिंडर संपत नाही. दोन वेळची ताटं वाढणारी बाई वाण्याकडे 'उद्या देते' म्हणत नाही. आम्ही दुकानदार माणसं, आमच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हिचा तांदूळ येतो कुठून? महिनाभर त्या घरात एकदाही सामान आलं नाही. मातीचा वास कुठून आला ते परीक्षकच जाणोत. मला तिथे रंगाचा वास येत होता.

दिवाळीनंतर एके दिवशी मात्र वाण्याचा पोरगा रिकामी पिशवी घेऊन परत आला. 'मागचं आधी' असा निरोप होता. मी पुड्या बांधायचा थांबलो. त्या रात्री नायिका लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही काढते. महिनाभर नुसता खोकणारा सासरा चष्मा मागतो आणि खाली जमिनीवर येऊन बसतो. दोघं एकेक नाव वाचतात. जेवून गेलेले आणि पैसे न दिलेले. सासरा प्रत्येकाचं काही ना काही सांगतो. हा पोलिसात लागला. याच्या बहिणीचं लग्न आपण जेवण घालून केलं. हा गेला. गेलेल्याच्या नावावर ती रेघ मारायला जाते, तर म्हातारा म्हणतो, 'खोडू नको. त्याच्या पोराला मागायचं नाही. पण खोडू नको.' झालं, एवढंच. पूर्ण भागात तिसरं माणूस नाही. जाहिरात लागेपर्यंत मागे वाद्य वाजलं नाही. अंगठा जिभेला लावून पान उलटण्याची त्या नटाची तऱ्हा माझ्या वडिलांच्या पिढीतल्या दुकानदारांची होती. नावं वाचताना ते मध्ये थांबत होते, ते वाक्यासाठी नव्हे. माझी उधारी असलेले दोघे जण तेव्हा बाकावर होते. दोघांनीही टीव्हीकडे बघायचं सोडून बाहेर रस्त्याकडे बघितलं.

मराठी वाहिन्यांवर इतका चांगला भाग मी फार दिवसांत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी 'मागील भागात' म्हणून त्याचीच चार-पाच मिनिटं परत दाखवली, वर सनई लावून. म्हणजे आपण काय चांगलं केलं ते करणाऱ्यांनाही कळलं नव्हतं. परीक्षकांचं म्हणाल तर त्या आठवड्यात आपल्या पुरवणीत एका वेब मालिकेवर अर्धं पान होतं.

इथे परीक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. परीक्षण लिहायची रीत आपल्याकडे नाटक-सिनेमावरून आली. खेळ संपतो, मग माणूस घरी जाऊन लिहितो. दूरदर्शनवर आठवड्याला एक भाग आणि तेरा भागांत मालिका संपायची, तेव्हाही हे जमून जायचं. १९९९ साली अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आली, रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि ती रीत मोडली. ईटीव्ही मराठीवर एक मालिका बारा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग झाले. ते सगळे बघून कुणी परीक्षण लिहावं अशी अपेक्षा मी करणार नाही, परीक्षकांनाही संसार आहे. पण म्हणून पहिल्या पाच भागांवर तारे द्यायचे आणि पुढे एखाद्या संध्याकाळी चुकून दोन भाग बघून ते काढून घ्यायचे, हेही बरोबर नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच विस्तवावर शिजलेला असतो. इथे रोज नवं आधण. लिहिणारे बदलतात, दिग्दर्शक बदलतात, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि गोष्ट वळण घेते.

आमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत, भाषा मालवणी. आम्हा पेडणेकरांना ती कान न टवकारता कळते, त्यामुळे इकडे ती घराघरांत शिरली. त्या मालिकेच्या सुरुवातीलाच अण्णा नाईक मरतात. पहिल्या आठवड्यावर परीक्षण लिहिणाऱ्याच्या लेखी अण्णा म्हणजे एक प्रेत आणि तेराव्याची तयारी. २०१९ साली दुसऱ्या पर्वात गोष्ट मागे गेली, अण्णा जिवंत झाले आणि माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केला की आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या जाऊ लागल्या. म्हणजे मालिकेचा खरा नायक तीन वर्षांनी आला. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णांच्या प्रेयसीचं, शेवंताचं, काम करणारी नटी मध्येच बदलली. बाकावर बसणाऱ्या बायकांनी नवीला पहिल्याच दिवशी नापास केलं. माझं मत वेगळं होतं. दुसऱ्याने रुजवलेली भूमिका मधून उचलायची म्हणजे काय, ते मी विंगेतून पाहिलेलं आहे. मुख्य नट आजारी पडला की आमच्या गावात हे होतं. त्या बाईने घाई केली नाही. पण असल्या गोष्टी लिहायच्या तर मधले भाग बघावे लागतात. आणि नाईकांच्या घरगड्याचं, पांडूचं, काम करणारे प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेच्या लेखनातही होते. पांडूच्या तोंडची बोली इतकी अचूक का, याचं उत्तर तिथे आहे.

लेखकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मालिकेची श्रेयनामावली हल्ली खालच्या पट्टीत पळते, वरच्या भागात पुढच्या मालिकेची जाहिरात. मी स्टुलावर चढून वाचतो, लोक हसतात. वहीच्या भागाचे संवाद नेहमीच्या माणसाचे नव्हते. त्यानंतर ते नाव बरेच दिवस दिसलं नाही. मग मागच्या महिन्यात दिसलं, तो भाग म्हणजे दिराची बायको माहेरी जाऊन, कुणी न विचारताच, नवऱ्याची बाजू घेते तो. घरात ज्याला रोज शिव्या घालते त्याची बाजू. भाऊ विचारतो, 'तू सुखी आहेस ना?' ती म्हणते, 'आमटीत मीठ कमी आहे.' दोन चांगले भाग, दोन्हींमागे एकच माणूस. हे मला स्टुलावर चढून कळतं तर परीक्षकांना का कळू नये? नाटकाच्या परीक्षणात लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, सगळ्यांची नावं येतात. मालिकेच्या परीक्षणात फक्त नायिका आणि वाहिनी.

या दोन भागांच्या मध्ये जे झालं ते मात्र दीड तारादेखील जास्त वाटावा असं होतं. लपवत नाही. अपहरण झालं. अपघात झाला. नायिकेची स्मृती गेली आणि वटपौर्णिमेच्या आठवड्यात, वड भोवताली उपलब्ध असल्यामुळे, परत आली. एकाने थोबाडीत मारली तर ती तीन कोनांतून तीनदा बसली. घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवले, त्यात मोलकरणीचा दोनदा. रविवारी महाएपिसोड होता तेव्हा माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती, हेही खरं. त्या थोबाडीला लोकांनी टाळ्या दिल्या. वहीच्या भागाला कुणी टाळी दिली नव्हती. वाहिनीवाले टाळ्या मोजतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. परीक्षकांनी दुसरं काहीतरी मोजावं म्हणून तर त्यांना मानधन.

आता गोव्याचे भाग. या विषयावर मी जरा तापणार आहे.

नायिकेचा मुलगा हॉटेलातल्या नोकरीसाठी गोव्यात येतो. आठवडाभर गोवा. त्यात समुद्र, चर्च, नारळ आणि फुलाफुलांच्या शर्टातला एक जाडा इसम. तो सकाळी नऊ वाजता फेणी पितो, तीही वाईनच्या उंच ग्लासातून, आणि दर वाक्याला 'मॅन' म्हणतो. मुलगा भाड्याची स्कूटर घेऊन फिरतो. गोव्यात भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. शेंबड्या पोराला ठाऊक आहे. या स्कूटरची पाटी पांढरी, वर महाराष्ट्राचा नंबर. ती पुळण गोव्यातली नसावी असा बाकावरच्या रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, निकाल आहे, आणि पुळणीच्या बाबतीत मी त्याच्यापुढे बोलत नाही. कोल्हापूरचा पोरगा आठ दिवस गोव्यात राहिला, त्याला एक देऊळ दिसलं नाही, एक मराठी पाटी दिसली नाही. कुणी मराठी पेपर वाचताना दिसलं नाही. इथे जत्रेला रात्र रात्र दशावतार बघणारा माणूस राहतो, हे त्या लेखकाच्या गावीही नसावं. आमच्या वाड्यावरचे एक ख्रिस्ती बाप्पा मेणबत्त्या न्यायला आले होते. त्यांनी थोडा वेळ त्या जाड्याला बघितलं आणि मला विचारलं, 'हांव अशें उलयतां रे?' मी असा बोलतो का रे? काय सांगणार?

आपल्या परीक्षकांनी या आठवड्याबद्दल एकच वाक्य लिहिलं आहे: 'गोव्याच्या रम्य पार्श्वभूमीमुळे कथानकाला काहीसा ताजेपणा येतो.' संपादक महोदय, आपलं वर्तमानपत्र गोव्यात छापलं जातं. मुंबईच्या माणसाने हे लिहिलं असतं तर मी पान उलटलं असतं.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' संस्थेच्या हिशेबात मराठी वाहिन्यांचा बाजार 'महाराष्ट्र/गोवा' असा एकत्र धरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख आणि आपण साडेचौदा लाख. त्या तिरक्या रेघेच्या पलीकडे आपण किती दिसत असू, याचा हिशेब दुकानदाराला कठीण नाही. शिवाय मोजणीचे मीटर घरांत लावतात, पसऱ्यांत नाही. म्हणजे माझा बाक रुसला काय आणि हसला काय, गुरुवारच्या आकड्यात काही हलणार नाही. आमचं म्हणणं कुठे उमटायचं तर इथल्या मराठी वर्तमानपत्रातच.

२०२१ सालचं आठवत असेल. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मालिकांची बिऱ्हाडं गोव्यात आली. मे महिन्यात इथेही कोविडचा कहर झाला, मडगावच्या रवींद्र भवनातल्या चित्रीकरणावरून गदारोळ उठला आणि सरकारने परवानग्या मागे घेतल्या. बातम्या सगळ्यांनी छापल्या. पण त्या दिवसांत पडद्यावर काय दिसत होतं, यावर कुणी ओळ लिहिली नाही. घरंदाज मराठी कुटुंबं एकाएकी सहलीला निघाली होती. मागे चिऱ्याच्या भिंती, माडांची गर्दी, आणि घरातले सगळे सणासुदीचे दागिने घालून त्या उकाड्यात बसलेले. आम्ही बाकावर भिंती ओळखायचा खेळ खेळायचो. कसोटीच्या काळात लेखकांनी गोष्ट कशी वाकवली, कुणाला जमलं, कुणाचं फसलं, हा केवढा विषय होता.

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेच्या दिवसांत आपल्याच पेपरात प्रयोगाप्रयोगावर परीक्षण येतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मंडळाने काय केलं, दुसऱ्या अंकात प्रवेश कुठे लांबला, कुणाचे उच्चार स्वच्छ होते, हे नावानिशी असतं. मध्यंतरात उठून गेलेल्या परीक्षकाला आमच्याकडे पुढच्या वर्षी चहासुद्धा कुणी विचारत नाही. हौशी नटांना आपण एवढं गांभीर्याने घेतो आणि रोज रात्री घरात येणाऱ्या धंदेवाईक मालिकेला दोन आठवड्यांचा पाहुणा परीक्षक पुरतो, हे मला कळत नाही.

माझी मागणी मोठी नाही. तारे देणं बंद करा. परीक्षणाखाली कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे भाग पाहिले ते छापा, म्हणजे निदान आम्हाला कळेल की हे बघून लिहिलं आहे की ऐकून. आठवड्यातून एकदा, एकाच मालिकेच्या एकाच भागावर, दोनशे शब्द लिहायला कुणाला तरी सांगा. भाग चांगला असो की टाकाऊ, पण त्या भागाच्या लेखकाचं नाव असू दे. हे काम मला द्या असा याचा अर्थ नाही. माझं दुकान आहे, आणि शिगमा झाला की नाटकाच्या तालमी सुरू होतात.

येत्या रविवारी साडेआठच्या मालिकेचा दोन तासांचा महाएपिसोड आहे. जाहिरातीत सासऱ्याच्या तसबिरीला हार दाखवला आहे. त्या नटाला काढलं असेल तर मालिका संपली असं मी समजेन, तेव्हा परीक्षकांनी खुशाल शून्य द्यावं. पण ते स्वप्न निघण्याची शक्यता जास्त, असं बाकाचं मत आहे, कारण हार झेंडूचा आहे आणि शेवटच्या खेपेला दिराच्या स्वप्नातही झेंडूच होता.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर माझ्या पसऱ्याचं आणि प्रॉम्प्टिंगचं कापा. वहीच्या भागाबद्दलचं ठेवा. त्याबद्दल कुठेच काही छापून आलेलं नाही.

आपला,
एक पसरकार वाचक
पेडणे, गोवा